निम्मं नुकसान

“एक, दोन, तीन, चार,” मी म्हणत होते, पण स्वतःचा आवाज न काढता. हनुवटीखाली डाव्या बाजूला बाबांचं मशीन टेकवलं होतं, अंगठ्यानं बटण दाबून धरलं होतं आणि फक्त ओठ नि जीभ हलवत होते. समोर पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला फोन व्हिडिओ घेत होता. मशीन चालू स्थितीत असल्याचा पुरावा ते विकत घेणाऱ्यानं मागितला नव्हता. मलाच तो द्यायचा होता. सहापर्यंत पोचले आणि आई स्वयंपाकघरातून पळत आली. हाताला कणीक तशीच. दारात थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली.

ते सगळं व्हिडिओत आलं होतं. मी तो पुसून टाकला आणि संध्याकाळी आई भाजीला गेल्यावर पुन्हा घेतला.

पाच वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मिरजेतल्या एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले होते. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. त्याआधीची तीन वर्षं त्यांना स्वरयंत्र नव्हतं. कर्करोगामुळे ते काढून टाकावं लागलं होतं. अशा माणसाचा श्वास गळ्याच्या मध्यावर केलेल्या भोकातून चालतो. हवा तोंडापर्यंत येतच नाही, म्हणून आवाजही येत नाही. त्यांच्यासाठी विजेरीएवढं एक मशीन मिळतं. ते गळ्याला टेकवलं की कंप आत जातो आणि त्या कंपाला तोंडानं शब्दांचा आकार द्यायचा. आवाज एकसुरी येतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. त्या आवाजात बाबा तीन वर्षं माझ्याशी बोलले. दूधवाल्याशी भांडलेसुद्धा.

ते गेल्यावर मशीन कपाटात पडून होतं. पडून राहिलं की बॅटरी खराब होते, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, असं मी आईला समजावलं. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांचा एक व्हॉट्सॲप गट होता, त्यात मी माहिती टाकली. किती वर्षं वापरलं, बॅटरी किती तास पुरते, कुठे ओरखडा आहे, सगळं. किंमत चौदा हजार. नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दहाच मिनिटांत देविदास मानकर यांचा मेसेज आला की मी घेतो.

मानकर काका यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसचे. एसटीत वाहतूक नियंत्रक, म्हणजे स्टँडवर बसून गाड्या पुकारणारे. जुलैमध्ये त्यांचं ऑपरेशन झालं होतं. मेसेज नीट लिहायचे, पूर्णविराम देऊन. घासाघीस केली नाही, पैसे लगेच माझ्या खात्यात भरले. एवढंच विचारलं, की तुळशीच्या लग्नाच्या आत मिळेल ना?

मी विचारलं, तुळशीच्या लग्नाचं काय? मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. त्याचं उत्तर त्यांच्या पत्नीनं, शोभाकाकूंनी, फोन करून दिलं. हे लिहून सांगण्यासारखं नाही, असं त्यांनीच सुरुवातीला सांगितलं.

काकांची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. दोन वर्षांपूर्वी थोरला मुलगा घशाच्या ऑपरेशनला म्हणून नागपूरला गेला, तो गाडीतून आडवाच परत आला. त्यामुळे धाकट्याची पाळी आली तेव्हा घरात तो शब्द उच्चारायची कुणाची छाती झाली नाही. आषाढी एकादशी तोंडावर आली होती. चातुर्मासात कुणी कांदा सोडतं, कुणी पलंग सोडतं. शोभाकाकू घाईघाईत सासूला सांगून बसल्या की यंदा यांनी बोलणं सोडलं आहे, चार महिन्यांचं मौन धरलं आहे. म्हातारीला त्याचं फार कौतुक वाटलं. तिनं गल्लीभर सांगितलं. रोज सकाळी एक चिंचोका डब्यात टाकायची आणि किती झाले ते सुनेकडून मोजून घ्यायची. काका तिच्याजवळ बसायचे, पाय दाबायचे. बाकी सगळ्यांशी ते पाटीवर लिहून बोलत. आईसाठी पाटीचा उपयोग नव्हता.

“मशीनचा आवाज येगळा येते, ठाऊक हाय आमाले,” शोभाकाकू म्हणाल्या. “घसा बसला म्हनून सांगू. पन बोलला पाहिजे, ताई. मौन सुटलं आन् पोरगा बोललाच नाई, तं माय काय समजन?”

मी सांगितलं की काळजी करू नका, चार दिवसांत पोचेल. तुळशीच्या लग्नाला अजून पूर्ण महिना होता.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी मी कुरिअरच्या दुकानात गेले. मशीन फोमात बसवलं होतं, बॅटरी वेगळी काढून गुंडाळली होती, वापरायच्या सूचना टाइप करून वर ठेवल्या होत्या. पत्ता काकांनी पाठवला होता, तो मी अक्षर न् अक्षर ताडून लिहिला. खाली त्यांचा फोन नंबर लिहिला. काउंटरवरच्या माणसानं विचारलं की जोखमीचे पैसे भरायचे का. पार्सल हरवलं तर पूर्ण किंमत मिळते. दोनशे ऐंशी रुपये होत होते. पाठवणीचा खर्च काकांकडे ठरला होता, म्हणून त्यांना न विचारता तो वाढवणं मला बरोबर वाटेना. मी मेसेज केला. दहा मिनिटं थांबले, उत्तर आलं नाही. कुरिअरची गाडी निघत होती. मी म्हटलं, राहू द्या, तसंच पाठवा.

त्यांचं उत्तर अर्ध्या तासानं आलं. “जेवत होतो. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

पार्सल सोमवारी त्यांच्या भागातल्या केंद्रात पोचलं असं कुरिअरच्या साइटवर दिसलं, आणि मग तिथून हललंच नाही. ‘प्रलंबित’, एवढाच शब्द. मंगळवारी तोच, बुधवारी तोच. फोन केला की एक मुलगी माझी तक्रार ऐकून घ्यायची आणि चोवीस तास थांबा म्हणायची. रोज मुलगी वेगळी, चोवीस तास तेच. शुक्रवारी मी लेखी तक्रार केली. त्यांनी कळवलं की चौकशीला कामाचे एकवीस दिवस लागतात.

दुसऱ्या दिवशी काकांचा मेसेज आला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

“शलाकाताई, अमरावतीच्या एका गृहस्थांकडे असेच मशीन आहे. किंमतही जवळपास तीच. ते पुढच्या शनिवारपर्यंत थांबतो म्हणतात. तुम्ही पैसे परत केलेत तर मला ते घेता येईल. नंतर तुमचे पार्सल सापडले तर मी न उघडता तुम्हाला परत पाठवीन. खर्च माझा. रागावू नये.”

मी त्या रात्रीच काय ते वाचून काढलं असं नाही. तीन दिवस कायद्याबद्दल वाचत होते. दोन खासगी माणसांतला व्यवहार, दुकानदार कुणीच नाही, अशा वेळी वाटेत हरवलेल्या वस्तूचं नुकसान कुणाचं? एक मत असं, की वस्तू वाहकाच्या हाती दिली की ती घेणाऱ्याची झाली. दुसरं असं, की ती त्याच्या हातात पडेपर्यंत देणाऱ्याचीच. जोखमीचे पैसे भरले नव्हते; मी विचारलं होतं, त्यांनी वेळेत उत्तर दिलं नव्हतं, पण थांबले मीही नव्हते. दोघंही सारखेच निर्दोष, म्हणून नुकसान निम्मं-निम्मं. आणि पार्सल हरवलं असं कुरिअरनं लेखी कळवेपर्यंत नुकसान झालं असं म्हणताच येत नाही, म्हणून तोवर परतावाही नाही. मला तो विचार फार सुबक वाटला. चार मुद्दे पाडून मी काकांना पाठवला.

आईला वाचून दाखवला तेव्हा ती मेथी निवडत होती.

“आपण त्यांना वस्तू दिली का?” तिनं विचारलं.

“कुरिअरला दिली.”

“त्यांना दिली का, विचारतेय मी.”

“आई, प्रश्न पैशांचा नाहीये. उद्या पार्सल पोचलं आणि त्यांनी तोवर दुसरं घेतलेलं असलं, तर काय करायचं? एक पद्धत पाहिजे ना.”

“त्यांची म्हातारी बसलीय डोळे लावून,” आई म्हणाली. मग स्वतःच थांबली, कारण म्हातारीला डोळे नव्हते. “कान लावून,” ती म्हणाली आणि देठं गोळा करून उठली.

काकांचं उत्तर आलं ते एवढंच. “तुमचे म्हणणे बरोबर आहे. वाट पाहू.”

अमरावतीचा शनिवार दिवाळीच्या आदल्या दिवशी आला आणि गेला. गटावर त्या गृहस्थांनी लिहिलं की मशीन दिलं गेलं, आता कुणी फोन करू नये. मी ते वाचलं. त्याच दिवशी सकाळी, दात घासायच्याही आधी, मी कुरिअरची साइट उघडून पाहिली होती. रोज पाहत होते. ‘प्रलंबित’ असायचं, आणि खरं सांगायचं तर ते वाचून मला जरा बरं वाटायचं.

तुळशीचं लग्न झालं त्या दिवशी मी काकांना मेसेज करायला घेतला आणि काय लिहावं ते सुचलं नाही. त्यांचाही आला नाही. त्यानंतर नवव्या दिवशी कुरिअरचं पत्र आलं. पार्सलचा शोध लागत नाही, नियमाप्रमाणे नुकसानभरपाई शंभर रुपये. मी सात हजार पन्नास काकांच्या खात्यात भरले आणि हिशेब लिहून पाठवला. शंभरातले त्यांचे पन्नासही मी त्यात धरले होते.

उत्तर तीन दिवसांनी आलं. “मिळाले. आभारी आहे.”

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी कामावरून आले तर आई बाहेरच्या खोलीत बसली होती आणि टेबलावर पार्सल होतं. एक कोपरा भिजून वाळलेला. दुपारी कुणीतरी आणून दिलं होतं, सही घेऊन गेलं होतं. आईनं त्याला हात लावला नव्हता.

मी उघडलं. फोम कोरडा होता. मशीन जसं बसवलं होतं तसंच. मी बॅटरी घातली, बटण दाबलं, कंप हाताला जाणवला. ते मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. एवढं मात्र तेव्हा कळलं, की महिनाभर मी चौकशीची वाट पाहत नव्हते. पैसे परत केले असते तर बाबांचं मशीन हरवलं असं मलाच कबूल करावं लागलं असतं. ते मला करायचं नव्हतं. बाकीचे चार मुद्दे मी त्याच्यावर रचले होते.

मग मी खोक्याचा कागद सरळ केला. पत्त्यावर एक चिठ्ठी डकवली होती, तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं होतं. ‘१४ ऑक्टो. गल्ली सापडत नाही. फोन लागला. ग्राहक बोलत नाही.’ त्याखाली, ‘१५ ऑक्टो. फोन लागला. ग्राहक बोलत नाही.’ त्याखाली, ‘१६ ऑक्टो. तेच. परत.’

मी ते आईला दाखवलं. ती चष्मा लावून वाचायला लागली आणि तिला समजायला वेळ लागला.

“मानकरांच्या घरचा नंबर कुठला दिलास तू?” तिनं विचारलं.

“त्यांचाच.”

स्वरयंत्र नसलेल्या माणसाला स्वरयंत्र पाठवताना फोनसाठी मी त्याचाच नंबर लिहिला होता. शोभाकाकूंचा नंबर माझ्याकडे होता. मी पत्ता तीनदा ताडला होता.

काकूंना फोन केला. पार्सल परत आलंय, मी स्वतः घेऊन येते, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, “या. आता काई घाई नाई. माय गेली.”

मिरजेहून दिग्रस म्हणजे दोन रेल्वेगाड्या आणि एक एसटी. पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तेरवी होऊन आठवडा झाला होता. दोन खोल्यांचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. मानकर काका दारातच उभे होते. बावन्न वर्षांचे, उंच. गळ्याभोवती पांढरा रुमाल. त्यांनी हात जोडले, मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी पाणी पिऊन व्हायच्या आत एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. मग पाटी घेतली आणि लिहिलं.

“तुमचे सात हजार पन्नास. वस्तू आली, म्हणजे पैसे तुमचे. तुम्ही हिशेबात कुठेही चुकला नाहीत.”

मी पाकीट खुर्चीवर ठेवलं आणि कागदावरची चिठ्ठी त्यांना दाखवली. समजावून सांगायला लागले, पण ते आधीच वाचत होते. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग पाटी पुसली आणि लिहिलं.

“आठवते. ऑफिसचा लँडलाइन नंबर होता. हॅलो हॅलो म्हणत होते. मी नखाने फोनवर टकटक केले. शोभा अंगणवाडीत होती. मोबाईल असता तर मेसेज केला असता.”

मी म्हटलं, “काका, चूक सगळी माझी आहे. निम्मी नाही.”

त्यांनी हात हलवला, जाऊ द्या म्हणून. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला कारण लागतं, क्रम लागतो. मी शोभाकाकूंना विचारलं की तुळशीच्या लग्नाला काय झालं.

काकू दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. काकांकडे त्यांनी एकदा पाहिलं. ते उठून अंगणात गेले.

म्हातारी त्या दिवशी पहाटेच न्हाऊन बसली होती, काकू सांगत होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसली. शेजारच्या बायांना बोलावून ठेवलं की माझा देविदास आज बोलणार आहे. संध्याकाळी लग्न लागलं, ऊस-बोरं वाटून झाली. मग तिनं त्यांना जवळ बसवलं आणि म्हणाली, सुटलं तुझं मौन, बोल. ते गप्प. तिला वाटलं, लाजतोय. बाया गेल्यावर पुन्हा म्हणाली. ते गप्पच. तेव्हा काकूंनी खरं काय ते सांगून टाकलं. ऑपरेशन, नागपूर, सगळं.

“तं तिले पटलं नाई,” काकू म्हणाल्या. “म्हने, तू त्याची बाजू सावरून राहिली. चार महिने मौन म्हनून सांगत होती, आज ऑपरेशन म्हनते. तुह्यावर काय इश्वास ठेवाचा?”

“मग काकांच्या गळ्यावर त्यांचा हात ठेवायचा ना,” मी म्हटलं. “भोक हाताला लागलं असतं. लगेच पटलं असतं.”

“मी तेच म्हनलं यायले. यायनं ठेवू देला नाई.” त्या पदराची किनार सरळ करत राहिल्या. “एका पोराचं मेलेलं तोंड चाचपलं होतं तिनं. दुसऱ्याच्या गळ्याचं भोक कसं चाचपू द्याचं, ताई?”

मी खोक्याच्या कागदाची घडी घातली.

“दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं यायले बोलावलं,” त्या पुढे म्हणाल्या. “वावराच्या वाटण्या झाल्या होत्या तवा विहिरीजवळचा तुकडा तिनं थोरल्याले देला होता. पंचवीस वर्षं झाली. आमी कधी काई बोललो नाई. तं माय हात जोडून म्हने, तो राग धरला का रे? त्याच्यासाठी बोलत नाई का मायशी? धरला असशीन तं माफ कर. यायनं तिचे दोन्ही हात घेतले, आपल्या गालाले लावले आन् मान हलवली. नाई म्हनून. राग नाई म्हनून. तिले वाटलं, माफ करत नाई म्हनते.”

“तसं वाटलं हे तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं. हा प्रश्न मी का विचारला ते आजही मला माहीत नाही.

“बोलली ना ते. म्हने, बरं बाप्पा. नको करू. आन् भिंतीकडे तोंड केलं. जेवन त्याच दिवशी टाकलं. यायनं पाय दाबले, पानी पाजलं, सारं केलं. दहाव्या दिवशी गेली.”

दहावा दिवस म्हणजे माझे सात हजार पन्नास त्यांच्या खात्यात पडले त्याचा दुसरा दिवस. हिशेब मनातल्या मनात झाला, मी मुद्दाम केला नाही.

काका आत आले. मशीन खोक्यातच होतं. त्यांनी ते बोटानं दाखवलं आणि लिहिलं, “एक वाक्य शिकवता का?”

“सगळंच शिकवते,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि ‘एक’ या शब्दाखाली रेघ ओढली. मग ते वाक्य लिहिलं. “माय, मी रुसलो नाही.”

मी त्यांच्यासमोर बसले. रेडिएशननं गळ्याची कातडी कडक झाली होती. हनुवटीखाली कंप आतच जाईना. गळ्यावर जागा न सापडणारी माणसं असतात. बाबांच्या वेळी मी एकेक इंच सरकवत जागा शोधायला शिकले होते, तशी शोधत गेले. शेवटी उजव्या गालावर, जबड्याच्या जरा वर, सापडली. बटण शब्दाच्या सुरुवातीला दाबायचं आणि शेवटी सोडायचं, श्वासाचा जोर लावायचा नाही, नाहीतर भोकातून फुस्स आवाज येतो नि शब्द बुडतो. ओठ नेहमीपेक्षा जास्त उघडायचे. मी सांगत होते, ते करत होते. फार एकाग्र विद्यार्थी होते. गाड्या पुकारणाऱ्या माणसाला शब्दांचे तुकडे कसे पाडायचे ते आधीच येत होतं.

पहिला तासभर नुसता गुंजारव निघत होता. ‘माय’ सगळ्यात आधी जमलं, कारण म ओठांवर होतो. बाकीचं वाक्य एकात एक मिसळून जायचं. पण ते थांबेनात. काकूंनी भाकरी केल्या, झाकून ठेवल्या. भिंतीलगत जिथे म्हातारीची खाट असायची तिथली जमीन बाकीच्या खोलीपेक्षा फिकी दिसत होती. काका तिकडे तोंड करून बसले होते. मी त्यांना तसं बसायला सांगितलं नव्हतं.

चार वाजायच्या सुमारास वाक्य पूर्ण आलं. स्पष्ट नव्हतं. ज्याला ते आधीच ठाऊक आहे त्यालाच कळलं असतं. काकांनी मशीन बंद केलं, मांडीवर ठेवलं, गालावर उमटलेला गोल वळ चोळला. मग पाटीवर लिहिलं आणि माझ्याकडे धरली.

“हे वेळेवर मिळाले असते तर मायला समजले असते?”

काकू दारातून माझ्याकडे पाहत होत्या. ‘नाही’ म्हणणं फार सोपं होतं. आवाज परका येतो, आंधळ्या माणसाला तर अधिकच परका वाटला असता, एवढ्या थोड्या दिवसांत हे कुणालाच जमत नाही. हे सगळं मला शास्त्राचे दाखले देऊन सांगता आलं असतं. त्यांचं ओझं हलकं झालं असतं. माझंही झालं असतं.

पण त्यांनी मला जे विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. बाबांनी बोललेलं पहिलं वाक्य शेजारच्या आजींना, त्यांच्याकडे पाठ असताना, जसंच्या तसं कळलं तो दिवस मी वहीत लिहून ठेवला होता. मशीन हाती आल्यापासूनचा अकरावा. माझं पार्सल पोचलं असतं तर काकांना सव्वीस दिवस मिळाले असते. अमरावतीचं मशीन घेतलं असतं तरी बारा.

“हो,” मी म्हटलं. “समजलं असतं.”

त्यांनी मान हलवली, एखादी रक्कम बरोबर भरली की हलवतात तशी, आणि रुमालाच्या टोकानं पाटी पुसली.